जुन्या भयखेळांचा महिना: निवडीपासून शेवटच्या रात्रीपर्यंत

ऑक्टोबरचा महिना ३१ तारखेच्या हॅलोविनमुळे भयकथांशी जोडला गेला आणि त्याच ओघात त्या महिन्यात जुने हॉरर आणि ॲक्शन गेम ठरवून खेळण्याची रीत जगभर रूढ झाली. महिना कोणताही निवडला तरी चालतो. मात्र अशा उपक्रमांपैकी बरेचसे पहिल्या आठवड्यातच थांबतात आणि त्याचे कारण बहुधा उत्साहाचा अभाव हे नसते. वीस-पंचवीस गेमची यादी केली जाते, पहिला गेम रुंद पडद्यावर ताणून लावला जातो, प्रत्येक दारापुढे सेव्ह स्टेट (गेम त्या क्षणी जसाच्या तसा साठवणारी नोंद) घेतली जाते आणि चौथ्या दिवशी ‘जुने गेम आता भीती दाखवत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष मला मान्य नाही. त्या काळच्या गेममधली भीती त्यांच्या मर्यादांमध्येच आहे. हलता न येणारा कॅमेरा, मोजक्या गोळ्या, हातात मावेल तेवढेच सामान आणि सेव्ह करण्यावरचे बंधन यांतून ती उभी राहते. या मर्यादांना आपले काम करू देईल अशा रीतीने महिना आखायचा, एवढीच या लेखाची भूमिका आहे.

पहिली पायरी: यादी लहान ठेवणे

एका महिन्यात एक मोठा गेम, दोन मध्यम आणि तीन-चार छोटे गेम, यापेक्षा अधिक काही घेऊ नये. मोठा गेम म्हणजे ज्याच्या जागेत आपण आठवडाभर राहणार आहोत, ज्याचे नकाशे झोपतानाही डोळ्यांपुढे येतील असा. छोटा गेम म्हणजे जो एका-दोन बैठकांत संपतो किंवा ज्याचे टप्पे सुटे सुटे खेळता येतात.

भयखेळांची सुरुवात कुठून करावी, असे विचारल्यास मी १९९६ साली प्लेस्टेशनवर आलेल्या कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’चे नाव घेतो. त्याच्या आधीची परंपरा पाहायची असेल तर १९९२ चा ‘अलोन इन द डार्क’ आवर्जून घ्यावा. आधी रंगवून ठेवलेल्या पार्श्वभूमीवर त्रिमितीय पात्रे फिरवण्याची आणि कॅमेरा जागोजागी बांधून ठेवण्याची पद्धत त्याने चार वर्षे आधीच वापरली होती. त्यातला पहिला प्रसंगच पाहण्यासारखा आहे. आपण माळ्यावर उभे असतो. काही वेळातच खिडकीतून एक प्राणी आत येणार असतो आणि जमिनीतल्या झडपेतून दुसरा. ज्याने खोली नीट पाहिली त्याला कळते की कपाट ढकलून खिडकीपुढे आणि पेटी ढकलून झडपेवर ठेवता येते. एकही गोळी न झाडता दोन्ही संकटे बाहेर राहतात. हा गेम आपल्याला सांगून काही शिकवत नाही, फक्त खोलीकडे लक्ष द्यायला लावतो.

मोठ्या गेमच्या जागी १९९९ चा ‘सायलेंट हिल’ किंवा २००१ चा ‘सायलेंट हिल २’ ठेवता येईल. ॲक्शनच्या बाजूने १९९३ चा ‘डूम’, १९९६ चा ‘क्वेक’, १९९७ चा ‘ब्लड’ आणि २००१ चा ‘डेव्हिल मे क्राय’ हे चार गेम पुरेसे वैविध्य देतात. आठ-बिट काळातला एखादा गेम हवा असेल तर १९८६ चा ‘कॅसलव्हेनिया’ घ्यावा. या सगळ्यांतून सहा-सात नावे निवडावीत आणि उरलेली पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवावीत. निवड करताना वयाचे निर्देशही पाहावेत. अमेरिकेतली ईएसआरबी ही मानांकन संस्था १९९४ साली उभी राहिली ती अशाच गेममधल्या हिंसेवरून झालेल्या वादानंतर. घरात लहान मुले असतील तर खेळण्याची वेळ त्यांच्या झोपेनंतरचीच असावी.

दुसरी पायरी: आवृत्ती ठरवणे

एकाच गेमच्या अनेक आवृत्त्या असतात आणि चुकीची आवृत्ती हाती आली तर गेमविषयीचे मतच बदलते. म्हणून विकत घेण्यापूर्वी अर्धा तास यासाठी द्यावा.

सर्वांत सोपा मार्ग अधिकृत पुनर्प्रकाशनांचा आहे. पहिले तीन ‘रेसिडेंट ईव्हिल’ गेम त्यांच्या मूळ संगणकीय रूपात २०२४ साली जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर आले आणि ते आजच्या संगणकावर फारशी खटपट न करता चालतात. ‘ब्लड’ची सुधारित आवृत्ती २०१९ मध्ये, ‘क्वेक’ची २०२१ मध्ये आणि ‘डूम’च्या पहिल्या दोन भागांची एकत्रित आवृत्ती २०२४ मध्ये आली. ‘डेव्हिल मे क्राय’ एचडी संग्रहात मिळतो. डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या काळातले गेम जीओजीवर डॉसबॉक्स, म्हणजे ते आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम, आधीच जोडून दिलेले असतात. सोबत मूळ माहितीपुस्तिकेची प्रतही बहुधा असते आणि ती वाचायलाच हवी. त्या काळी कथेची पूर्वपीठिका, शत्रूंची नावे आणि बटणांची माहिती गेममध्ये न देता पुस्तिकेत छापली जाई. पुस्तिका न वाचता बसणाऱ्याला गेम विनाकारण दुर्बोध वाटतो.

‘सायलेंट हिल २’बाबत एक सावधगिरी सांगायला हवी. २०१२ च्या एचडी संग्रहात धुके आणि आवाज यांची मूळ मांडणी बिघडली होती. संगणकावर खेळणाऱ्यांनी चाहत्यांनी तयार केलेली ‘एनहान्स्ड एडिशन’ वापरावी. ती मूळ संगणकीय आवृत्तीवर बसते आणि गेमचे रूप मूळाच्या जवळ नेते. मूळ प्लेस्टेशन २ आणि जुना दूरचित्रवाणी संच उपलब्ध असेल तर अर्थातच त्याला तोड नाही.

इम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची (खेळयंत्राची) नक्कल करणारा प्रोग्राम, वापरायचा असेल तर गेम स्वतःच्या मालकीच्या डिस्कवरून घ्यावा. कन्सोलच्या बायोसवरही (यंत्र सुरू करणाऱ्या अंतर्गत प्रणालीवरही) स्वामित्वहक्क असतो, तेव्हा आपल्या देशातला नियम आधी पाहून घ्यावा. युरोपीय डिस्क असल्यास ती ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारी, आहे का, हे तपासावे. त्या काळच्या अनेक युरोपीय आवृत्त्या ६० हर्ट्झच्या मूळ गेमपेक्षा सुमारे १७ टक्के संथ चालतात आणि चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात. ॲक्शन गेममध्ये हा संथपणा लगेच खटकतो.

तिसरी पायरी: पडदा, आवाज आणि खोली

या पायरीवर लोक सर्वांत कमी वेळ देतात. मी मात्र उपक्रमाची पहिली संध्याकाळ पूर्णपणे यासाठी राखून ठेवतो.

चित्राचे गुणोत्तर ४:३ ठेवावे. रुंद पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे रकाने राहतील, ते राहू द्यावेत. अंधाऱ्या खोलीत काही मिनिटांत ते दिसेनासे होतात. ‘डूम’ ३२० बाय २०० बिंदूंत काढलेला असला तरी त्या काळच्या मॉनिटरवर तो ४:३ मध्ये दिसत असे, म्हणजे प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा थोडा उंच होता. ही दुरुस्ती न केल्यास राक्षस बुटके आणि दालने बसकी दिसतात. सोर्स पोर्टच्या (गेम आजच्या संगणकावर चालवण्यासाठी चाहत्यांनी तयार केलेल्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये गुणोत्तर सुधारण्याचा पर्याय असतो.

प्लेस्टेशनचे गेम इम्युलेटरवर चालवताना रिझोल्यूशन चौपट करण्याचा मोह होतो. आधी रंगवलेल्या पार्श्वभूमीच्या गेममध्ये तो टाळावा. पात्रे धारदार होतात पण पार्श्वभूमी मूळ चित्राइतकीच राहते, त्यामुळे पात्रे कागदावर चिकटवल्यासारखी दिसतात आणि मग खोली खरी वाटत नाही. प्लेस्टेशनवर भिंतींच्या कडा थरथरतात आणि फरशीवरचे नक्षीकाम वाकते. त्या यंत्राच्या गणितातली ती उणीव होती आणि आजचे इम्युलेटर ती दुरुस्त करू शकतात. ‘सायलेंट हिल’साठी मी ती दुरुस्ती बंद ठेवतो. त्या शहरात काहीच स्थिर नसावे, असेच मला वाटते.

दूरचित्रवाणीवर खेळत असल्यास गेम मोड सुरू करावा, नाहीतर बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत जाणवेल इतका विलंब येतो. उजेडाची पातळी गेममधल्या समायोजनाच्या पडद्यावरूनच ठरवावी आणि नंतर बदलू नये. कोपऱ्यात काही आहे की नाही याचा अंदाज यावा, पण खात्री पटू नये, अशी ती पातळी असावी.

आवाजाची पातळी शांत प्रसंगात कधीही लावू नये. आधी एखादी गोळी झाडावी, ती कानाला न टोचता मोठी वाटेल तेवढा आवाज ठेवावा आणि मग हात लावू नये. शांत प्रसंग आपोआप हवे तितके शांत राहतात. ‘सायलेंट हिल’मध्ये नायकाच्या खिशातला रेडिओ राक्षस जवळ आला की खरखरतो. ती खरखर कोणत्या क्षणी सुरू झाली, हे ऐकण्यासाठी हेडफोन उत्तम.

खोलीत मागच्या बाजूला एक मंद दिवा असावा, कारण पूर्ण अंधारात तेजस्वी पडदा पाहिल्याने डोळे लवकर थकतात. चमकणाऱ्या उजेडाने फीट येण्याचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय असे गेम खेळू नयेत. जुन्या प्रथमपुरुषी (पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) गेममध्ये चालताना दृश्य वरखाली डोलते आणि काहींना मळमळते. अनेक सोर्स पोर्टमध्ये ते डोलणे कमी करता येते. फोन मात्र दुसऱ्या खोलीत हवा. भीती तयार व्हायला दहा-पंधरा मिनिटे सलग लागतात आणि एका संदेशाने ती विरते.

चौथी पायरी: दिवसांची आखणी

पहिल्या आठवड्यात छोटे गेम घ्यावेत, म्हणजे यंत्रणेतल्या अडचणी त्यांच्यावर निघून जातात. मोठा गेम दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी सुरू करावा. तो शेवटी ठेवणाऱ्यांचा तो अर्धवट राहतो, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. मोठ्या गेमच्या दोन बैठकांनंतर एक दिवस ॲक्शन गेमचा ठेवावा. सलग भीती अनुभवणाऱ्या मनाला तिची सवय होते आणि मग चांगला प्रसंगही निष्प्रभ ठरतो. एखाद्या संध्याकाळी ‘डूम’मधले दोन टप्पे धावत-पळत पार केले की दुसऱ्या दिवशी हवेलीतला रिकामा जिना पुन्हा भीतिदायक वाटतो.

एक बैठक दीड ते दोन तासांची असावी आणि ती सेव्हच्या जागेवरच संपावी. आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा सोडावा, कारण कुठेतरी काहीतरी अडणारच. ‘डेव्हिल मे क्राय’ची २३ मोहिमांत केलेली विभागणी अशा महिन्याला फार सोयीची आहे. कमी वेळ असेल त्या दिवशी एक मोहीम करून उठता येते.

पाचवी पायरी: हात बसवणे

नव्या खेळाडूची सर्वांत मोठी तक्रार टँक कंट्रोलविषयी असते. या पद्धतीत वरचे बटण दाबले की पात्र ज्या दिशेला तोंड करून उभे आहे त्या दिशेला चालते, पडद्यावर ती दिशा कोणतीही असो. डावे-उजवे बटण त्याला जागच्या जागी वळवते. यामागे कारण आहे. कॅमेरा बांधलेला असतो आणि दालनाच्या मध्यावर दृश्य एका कोनातून एकदम विरुद्ध कोनात जाते. दिशा पडद्याप्रमाणे ठरत असती तर त्या क्षणी ‘डावीकडे’ म्हणजे नेमके कुठे, हेच बदलले असते आणि पात्र उलट्या दिशेने धावले असते. टँक कंट्रोलमध्ये बटण दाबून ठेवले की पात्र सरळ जात राहते, दृश्य कितीही बदलो.

‘रेसिडेंट ईव्हिल’च्या भोजनगृहात लांबलचक टेबल आहे. गेम सुरू झाल्यावर त्या टेबलाभोवती दहा फेऱ्या माराव्यात. पाच चालत, पाच धावत, काही उलट दिशेने. भिंतीला न घासता फेरी पूर्ण झाली की हात बसला असे समजावे. या वेळी खोलीत काय ऐकू येते तेही ऐकावे. मोठ्या घड्याळाची टिकटिक आणि फरशीवर वाजणारी आपलीच पावले, याखेरीज काही नाही. मग पश्चिमेच्या दाराने पुढे जावे. दार उघडण्याचे दृश्य पूर्ण पडदा व्यापते. डिस्कवरून पुढची खोली वाचून घेण्याचा वेळ त्यात जातो आणि पलीकडे काय असेल याची धास्तीही तेवढ्यातच वाढते. अरुंद बोळाच्या टोकाशी कोणीतरी पाठमोरे वाकून बसलेले दिसते. ते हळूच मान वळवते. जिल आणि ख्रिस या दोन पात्रांपैकी आपण जिल निवडली असेल तर इथे गोळी झाडू नये, आल्या वाटेने भोजनगृहात परत यावे. तिथे थांबलेला सहकारी बॅरी त्या झॉम्बीचा समाचार घेतो आणि आपल्या गोळ्या वाचतात. माघार घेणे हाही डाव आहे, हा या गेमचा पहिला धडा इथे मिळतो.

पहिल्या खेपेला जिलच निवडावी. तिच्याजवळ आठ वस्तू मावतात, ख्रिसजवळ सहाच. दोन जागांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटला तरी त्यामुळे सामानाच्या पेटीकडे मारायच्या खेपा कितीतरी वाढतात.

सहावी पायरी: गोळ्या, सेव्ह आणि वही

‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये सेव्ह करण्यासाठी टंकलेखन यंत्राची शाईची फीत खर्च होते आणि फिती मोजक्याच असतात. इम्युलेटरवर खेळताना सेव्ह स्टेटचे बटण हाताशी असते, पण त्याचा उपयोग फक्त मध्येच उठावे लागल्यास गेम थांबवून ठेवण्यापुरता करावा, असा नियम महिन्याच्या पहिल्या दिवशीच स्वतःला घालून घ्यावा. प्रत्येक दारापुढे सेव्ह घेणाऱ्याला दार उघडताना काही गमवायचे नसते आणि मग दाराची भीती कशाला वाटेल? साधारणपणे दोन महत्त्वाच्या वस्तू मिळाल्या किंवा कठीण लढत पार झाली की एक फीत खर्च करावी. सेव्ह नेहमी दोन वेगळ्या जागांत आळीपाळीने ठेवावे. गोळ्या संपलेल्या अवस्थेत एकाच जागेवर सेव्ह करून बसणाऱ्याला गेम नव्याने सुरू करावा लागतो, आणि हे माझ्याच बाबतीत एकदा बाराव्या दिवशी घडले आहे.

ज्या बोळातून पुन्हा पुन्हा जायचे आहे तिथल्याच झॉम्बीवर गोळ्या खर्चाव्यात. एकदाच जायच्या खोलीत त्याला वळसा घालून निघावे. हिरवी वनस्पती एकटी खाऊन टाकू नये. लाल वनस्पतीत मिसळली तर ती प्रकृती पूर्ववत करते, आणि लाल वनस्पती एकटी काहीच कामाची नाही.

वही शेजारी असलीच पाहिजे. प्रत्येक बैठकीच्या शेवटी तीन ओळी लिहाव्यात: कोणती दारे बंद राहिली, कोणत्या वस्तूचा उपयोग कळलेला नाही, उद्या प्रथम कुठे जायचे. दोन दिवसांच्या खंडानंतर या तीन ओळी अर्धा तास वाचवतात. ‘सायलेंट हिल’मध्ये नायक स्वतःच नकाशावर खुणा करतो, बंद दारांवर रेघोट्या ओढतो, त्यामुळे तिथे वहीचे काम कोड्यांपुरते उरते. शाळेतले पियानोचे कोडे समोर आले की कविता पूर्ण उतरवून घ्यावी आणि एकेका ओळीवर विचार करावा. ‘सायलेंट हिल २’मध्ये लढाईची आणि कोड्यांची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडता येते. लढाई सोपी आणि कोडी मध्यम, हा मेळ बहुतेकांना मानवतो. विजेरी बंद केली तर राक्षसांना आपण सहज दिसत नाही, पण तेव्हा अंधारात नकाशाही वाचता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

अडल्यास किती वेळ झगडावे? माझा नियम अर्ध्या तासाचा आहे. त्यानंतर संपूर्ण उत्तर न पाहता केवळ पुढची जागा कोणती, एवढेच शोधावे.

ॲक्शन गेमची वेगळी शिस्त

‘डूम’मध्ये कुठेही सेव्ह करता येते, त्यामुळे इथे बंधन आपणच घालायचे. टप्प्याच्या सुरुवातीला एक आणि मध्यावर एक, एवढेच सेव्ह पुरेत. मूळ गेमशी प्रामाणिक अनुभव हवा असेल तर चॉकलेट डूम आणि आधुनिक सोयी हव्या असतील तर जीझेडडूम हा सोर्स पोर्ट वापरावा. काठिण्यपातळी पाचपैकी तिसरी निवडावी. गोळीचा आवाज जोडलेल्या दालनांमधून पसरतो आणि राक्षस जागे होतात, म्हणून पहिली गोळी कुठे झाडायची हा विचार नेहमी करावा. एका जातीच्या राक्षसाचा मारा दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला तर ते आपसांत भिडतात. गर्दीच्या दालनात त्यांच्या मधोमध धावून हे मुद्दाम घडवून आणता येते.

‘कॅसलव्हेनिया’त उडी घेतल्यावर हवेत दिशा बदलता येत नाही. म्हणून शत्रूची चाल दोनदा पाहावी आणि मगच उडी घ्यावी. पवित्र पाण्याची कुपी मिळाली की सांभाळून ठेवावी, कारण ती शत्रूला जागीच खिळवते. ‘डेव्हिल मे क्राय’ मुळात ‘रेसिडेंट ईव्हिल’चा पुढचा भाग म्हणून सुरू झाला होता आणि त्याच्या किल्ल्यातल्या बांधलेल्या कॅमेऱ्यांत ते मूळ अजून दिसते. भयखेळ नुकताच संपवलेल्या माणसाने तो लगेच घ्यावा. तीच दालने, तोच अंधार, पण आता घाबरण्याची पाळी समोरच्याची असते.

शेवटचे तीन दिवस

महिन्याच्या अखेरीस नवा गेम सुरू करू नये. मोठा गेम २८ तारखेपर्यंत संपेल असे पाहावे आणि उरलेले दिवस त्याच गेमच्या दुसऱ्या खेपेला द्यावेत. तो ‘रेसिडेंट ईव्हिल’ असेल आणि जिलने खेळला असेल तर आता ख्रिसला घ्यावे. त्याच्या हातात सुरुवातीला फक्त चाकू असतो, खिसे सहाच असतात आणि पश्चिमेच्या बोळातून परत आल्यावर बॅरी तिथे नसतो. शक्य असेल तर शेवटच्या रात्री एखाद्या मित्राला किंवा भावंडाला शेजारी बसवून कंट्रोलर त्याच्या हाती द्यावा आणि वही आपल्याकडे ठेवावी. बोळाच्या टोकाशी ती मान वळते तेव्हा त्याला काहीही सांगू नये.